नानांची वही आणि खडकवासल्याचं पाणी

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा मित्रांबरोबर रविवारी खडकवासल्याला जायचं म्हणतोय, पोहायला. "तूच सांग गं त्याला काहीतरी, माझं ऐकत नाही." मी सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मावशी, मला पोहता येतं. नानाआजोबांनीच तर शिकवलं सगळ्यांना आपल्या घरात." हे खरंच होतं. मग मला पुढे काही बोलताच येईना. फोन ठेवला आणि कपाटातून नानांची वही काढली. तिच्याबद्दल लिहायचं गेली कित्येक वर्षं मनात होतं, पण दर वेळी राहून जायचं. राहून जायचं म्हणजे काय, मीच टाळत होते. आता लिहिते.

नाना म्हणजे आमचे थोरले काका. पेठेतल्या एका शाळेत सायन्स शिकवायचे. घरातल्या सगळ्यांना माहीतच आहेत, पण बाकीच्यांसाठी सांगते : बुटके, काटक, बोलणं कमी, आणि पोहण्याच्या बाबतीत भयंकर कडक. आम्ही नऊ चुलत-मावस-आते भावंडं त्यांच्याकडे पोहायला शिकलो. आधी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून, मग टिळक तलावात. त्यांचे काही नियम होते आणि ते आम्हाला अतिशय चक्रम वाटायचे. आल्या आल्या उडी मारायची नाही, पाच मिनिटं काठावर पाय सोडून बसायचं. पाणी मानेला, छातीला लावायचं. आधी ठरवायचं की बाहेर कुठे निघणार, आणि मग आत उतरायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम : दोघं पोहत असतील तर पुढच्यानं दर वीस हातांना मागे वळून बघायचं. बघितलं नाही तर त्या दिवसाचं पोहणं बंद. मी एकदा शर्यतीच्या नादात मागे बघितलं नाही, तर मला महिनाभर पाण्यात उतरू दिलं नव्हतं त्यांनी. मी अकरा वर्षांची होते, आणि महिनाभर मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या होत्या.

नाना २००९ साली गेले. पुढे दोन वर्षांनी वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ही वही सापडली. साधी शंभर पानी वही, कडा चिखलानं तपकिरी झालेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. वरती नुसतं "पाणी" एवढंच लिहिलेलं. आत आकडेच आकडे. तारीख, वेळ, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, खोली, वारा. पहिली नोंद जून १९५८ ची. सगळ्या नोंदी खडकवासल्याच्या.

तर वहीकडे येण्याआधी थोडं त्या तलावाबद्दल. कारण आपण पुणेकर तिथे कणसं आणि भजी खायला जातो, पण ते धरण किती जुनं आहे याचा विचार सहसा करत नाही.

मुठा नदीवरचं हे धरण १८६९ च्या सुमारास बांधायला घेतलं आणि १८७९ मध्ये पुरं झालं. कर्नल फाईफ नावाच्या इंजिनिअरची ही योजना. म्हणून तलावाचं नाव 'लेक फाईफ'. भारतातल्या मोठ्या दगडी धरणांपैकी हे अगदी सुरुवातीचं. पुणं, लष्कराचा कॅम्प आणि पूर्वेकडची कोरडी शेती यांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. त्यातून मुठेचा उजवा कालवा निघाला. पर्वती, स्वारगेट, हडपसर अशी ज्याची वाट आहे तोच आपला कॅनॉल. पुण्यातल्या पोरांच्या कितीतरी पिढ्या या कॅनॉलमध्ये पोहायला शिकल्या, हे मात्र फाईफसाहेबांच्या हिशोबात नसणार.

पुढे १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी याच धरणावर आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. विश्वेश्वरय्या पुण्यातच सायन्स कॉलेजात शिकलेले आणि तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की बंद व्हायचे. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवण्याची ही युक्ती. त्याचं पेटंट त्यांनी घेतलं होतं, आणि हे दरवाजे पहिल्यांदा बसले ते खडकवासल्याला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर या गोड्या पाण्यावर चक्क समुद्रावरच्या लढाईचा सराव चालायचा. सैनिकांनी बोटीतून किनाऱ्यावर कसं उतरायचं हे शिकवायला उत्तरेच्या काठावर एक लुटुपुटूचं जहाज उभं केलेलं होतं. त्याचं नाव 'एचएमएस अँगोस्टुरा'. युद्धानंतर एनडीएसाठी जागा शोधताना हा तलाव आणि ते सरावकेंद्र या दोन्ही गोष्टी खडकवासल्याच्या पथ्यावर पडल्या. १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्ये एनडीएचं उद्घाटन झालं. त्यांच्या बाजूच्या पाण्याला पीकॉक बे म्हणतात. कॅडेट तिथे शिडाच्या बोटी चालवतात. म्हणजे एकाच तलावाच्या एका काठाला शिस्तीत, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरणारी मुलं, आणि दुसऱ्या काठाला चपला काढून तशीच उतरणारी आपली मुलं.

असो. मूळ मुद्दा पाण्याचा.

१९५८ साली नाना चोवीस वर्षांचे होते. दर रविवारी सायकलवरून सिंहगड रस्त्यानं खडकवासल्याला जायचे. पिशवीत शाळेच्या लॅबमधला थर्मामीटर, सुतळीचा गुंडा आणि एक जाड काचेची बाटली. बाटलीला खाली दगड बांधलेला आणि वर बूच. बुचाला वेगळी दोरी. मुख्य दोरीला दर वावेला एक गाठ. काठावरच्या एका कोळ्याची होडी मिळाली की आत जायचं, बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडायची, दुसऱ्या दोरीला हिसडा देऊन बूच उपटायचं, बाटली भरू द्यायची, झपाझप वर ओढायची आणि लगेच थर्मामीटर घालायचा. नानांनी वहीच्या सुरुवातीला या बाटलीचं चित्रसुद्धा काढलंय. नववीच्या पुस्तकात शोभेल असं, बाण दाखवून.

वहीची गंमत म्हणजे आकडे सगळे पेन्सिलीनं लिहिलेत आणि शेरे शाईनं. हात ओले असायचे म्हणून होडीत पेन्सिल, आणि घरी आल्यावर शाईच्या पेनानं बाकीचं. याचा परिणाम काय झाला ते पुढे सांगते.

मी ते आकडे एका रविवारी बसून उतरवून काढले. मला वाटलं होतं कंटाळा येईल. पण वाचता वाचता तलावाचं एक वर्ष डोळ्यासमोर उभं राहिलं. जानेवारीत पहाटे हवा दहा-अकरा अंश, आणि पाणी एकवीस. म्हणूनच थंडीत सकाळी पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. आपण कुडकुडत असतो आणि पाणी हवेपेक्षा उबदार असतं. मार्चमध्ये पाणी पंचवीसवर. मे महिन्यात दुपारी वरचं पाणी तीस, आणि काठाच्या उथळ पाण्यात तर तेहतीससुद्धा. ऑगस्टमध्ये गढूळ पाणी चोवीस-पंचवीस. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की परत सव्वीस-सत्तावीस. म्हणजे पाण्याचा उन्हाळा आणि हिवाळा आपल्यासारखाच, पण सगळं सावकाश. हवा एका दिवसात बदलते, पाण्याला आठवडे लागतात.

खरी मजा आहे ती खोलीच्या आकड्यांत. जानेवारीत वर एकवीस आणि पाच वाव खालीही एकवीस. मे महिन्यात वर तीस, दोन वावेवर अठ्ठावीस आणि पाच वावेवर पंचवीस. याचं कारण नानांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं, फक्त तेव्हा ते अभ्यासाचं वाटायचं म्हणून कान बंद असायचे. उन्हाळ्यात ऊन वरचं पाणी तापवतं. तापलेलं पाणी हलकं, ते वरच तरंगत राहतं. खालचं गार आणि जड, ते खालीच बसतं. त्यात आपल्याकडचं पाणी मुळातच उबदार. पाच-सहा अंशांच्या पाण्यात एका अंशाच्या फरकानं वजनात जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक तीस अंशांच्या पाण्यात एका अंशानं पडतो. त्यामुळे थोड्याशा फरकानंही आपल्या तलावात थर पक्के होतात. मग थंडीत रात्री वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बुडतं, खालचं वर येतं, आणि सगळा तलाव ढवळून एकसारखा होतो. थंड देशांतल्या गोठणाऱ्या तलावांत हे बहुधा वर्षातून दोनदा होतं, कारण पाणी चार अंशांना सगळ्यांत जड असतं आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा ऋतू फिरतो. आपलं पाणी चार अंशांच्या जवळपासही जात नाही, म्हणून आपल्याकडे हे ढवळणं होतं ते मुख्यतः हिवाळ्यात.

जाता जाता एक सांगते. पोहण्याच्या शर्यतींसाठी तलावाचं पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंश लागतं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उघड्या पाण्यातल्या शर्यती सोळापासून एकतीस अंशांपर्यंत घेतात. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेले ते पाणी भर उन्हाळ्यातही सतरा-अठराच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे थंडीगारठ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर खडकवासल्याचं पाणी वर्षभर पोहण्यासारखं. नानांच्या वहीतला एकही आकडा असा नाही की ज्याला घाबरावं.

आणि माझ्या मते नेमकं हेच नानांना सहन होत नव्हतं.

घरात सगळ्यांना अर्धवट माहीत असलेली गोष्ट अशी, की नानांचा एक जिवलग मित्र खडकवासल्यात बुडून गेला. मे १९५८ मध्ये. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं आहेत. वहीत त्याचा उल्लेख नुसता 'ब' असा आहे. आजी सांगायची की त्याला पाण्यात गोळा आला. तळाच्या गार पाण्यानं पाय आखडले. काठावरच्या गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, साती आसरांनी नेला, भर दुपारी बारा वाजता पाण्यात उतरू नये. डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड असतात ना, त्या आसरा. आम्ही लहानपणी हे दोन्ही ऐकलं होतं. नानांच्या तोंडून मात्र कधी अक्षर ऐकलं नाही.

वहीतली पहिली नोंद त्याच्या महिनाभरानंतरची आहे. मला आधी वाटलं, सायन्सचे मास्तर, आसरांवर विश्वास नाही, म्हणून खरं कारण शोधायला निघाले असतील. पण सगळे आकडे उतरवल्यावर लक्षात आलं की ते आसरांना खोटं पाडायला निघाले नव्हते. ते गार पाणी शोधत होते. तीन वर्षं, दर मे महिन्यात, दर रविवारी, त्याच एका जागेवर. 'ब. ची जागा' असं पेन्सिलीत लिहिलंय. तिथे अर्ध्या वावेवर किती, एक वावेवर किती, दीड वावेवर किती. पोहणाऱ्या माणसाचे पाय जिथवर पोचतात तिथवरचे आकडे कुठल्याच दिवशी अठ्ठावीसच्या खाली नाहीत. पाय आखडावेत असं गार पाणी तिथे नव्हतंच. पंचवीसचं पाणी सापडतं ते तीस फूट खाली. तरी ते मोजतच राहिले. एका मे महिन्यात तर एकाच दिवसात अकरा वेळा.

वहीतली पहिली भागातली शेवटची नोंद २ जुलै १९६१ ची. त्यानंतर काय झालं ते पुण्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

पानशेतचं धरण आंबी नदीवर, खडकवासल्याच्या वरच्या अंगाला. मातीचं धरण, पाणी साठवायचं ते पहिलंच वर्ष. पाणी सोडायच्या मार्गाचं काम अपुरं असताना पाऊस धोधो कोसळला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून भिंत तगवायचा प्रयत्न केला. बुधवारी, १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं. ब्याऐंशी वर्षांच्या त्या दगडी भिंतीनं काही तास तग धरला आणि मग तीही फुटली. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन, सगळ्या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला. किती वाडे मातीत गेले त्याला गणती नाही. ज्या विश्वेश्वरय्यांनी तिथे दरवाजे बसवले होते ते तेव्हा हयात होते, शंभरीच्या उंबरठ्यावर. पुढच्या एप्रिलात ते गेले. त्यांना ही बातमी ऐकून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आमचा वाडा नारायण पेठेतला. खालचा मजला पूर्ण पाण्यात, पण भिंती उभ्या राहिल्या. माणसं वेळेवर निघाली म्हणून वाचली. नानांची शाळेची पिशवी खालच्या खोलीत खुंटीला होती. चार दिवसांनी चिखल उपसताना ती सापडली. वही वाळवली तेव्हा शाईचं सगळं लिहिलेलं धुऊन गेलं होतं. निळसर डाग फक्त. पेन्सिलीचे आकडे मात्र जसेच्या तसे. म्हणजे ज्या पाण्याचं तापमान तीन वर्षं मोजलं, तेच पाणी घरात येऊन मधले शेरे पुसून गेलं.

पुढे कित्येक दिवस पुण्याला नळाचं पाणी नव्हतं. लोक जुन्या विहिरींवर आणि हौदांवर रांगा लावायचे, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी दोनशे वर्षांनी पुन्हा कामाला आलं, असं आजी कौतुकानं सांगायची. खडकवासल्याचं तळं रिकामं झालं होतं. नाना ते बघायला गेले होते, असं बाबा सांगतात. एकटेच. रिकाम्या तलावात चिखल, मधून जुनी नदी वाहतेय, आणि काय काय. परत आल्यावर जेवले नाहीत.

रिकाम्या तलावात त्यांनी काय बघितलं ते वहीत आहे. कारण वही तिथे संपत नाही. पाच पानं कोरी आहेत, आणि मग १९६७ पासून पुन्हा नोंदी. आता बॉलपेननं. आणि त्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर, धुऊन गेलेल्या मे १९५८ च्या मजकुराऐवजी म्हणून, त्यांनी सगळं पुन्हा लिहून काढलंय. दीड पान. ते मी इथे जसंच्या तसं देणार नाही. पण त्यात काय आहे ते सांगते, कारण माझ्या मते आता ते सांगायला हवं.

ते दोघं त्या दिवशी अठरा किलोमीटर सायकल मारून दुपारी तिथे पोचले. आल्या आल्या उड्या मारल्या. नाना म्हणाले, समोरच्या काठावरच्या बाभळीला हात लावून परत यायचं, हरेल त्यानं मिसळीचे पैसे द्यायचे. 'ब' म्हणाला, लांब आहे. नाना म्हणाले, भ्यायलास का. दोघंही विहिरीत आणि कॅनॉलमध्ये तरबेज. पण विहिरीत चार हात मारले की काठ. कॅनॉलमध्ये पाणीच पुढे नेतं आणि हात लांबवला की कठडा. तलावात यातलं काहीच नाही. आणि पाण्यावरून अंतराचा अंदाज फार चुकतो, समोरची बाभळ जवळ दिसते. त्यात मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा तोंडावर येतात. नाना पुढे होते. बाभळीला हात लावून "जिंकलो" म्हणून ओरडले आणि मग वळले. मागे कोणी नव्हतं.

रिकामा तलाव बघायला गेले तेव्हा त्यांना ती जागा सापडली. खाली जुन्या नदीचा काठ होता, उथळ चिखलाच्या पट्ट्यावरून एकदम तीन पुरुष खोल कडा. 'ब' बहुतेक दमून पाय टेकायला गेला असेल. तिथवर खाली पाय लागत होते, आणि मग एकदम लागले नाहीत. नानांनी त्या पानाच्या शेवटी लिहिलंय, तेवढं एक वाक्य मात्र देते : "पाणी गार नव्हते. मी मागे पाहिले नाही."

हे वाचलं तेव्हा मी माळ्याखालच्या जिन्यावर बसले होते, आणि कामगार खालून विचारत होते की ताई, पेटी न्यायची का. मला उठताच येईना. डोळ्यासमोर आलं ते अकरा वर्षांची मी, टिळक तलावाच्या काठावर रुसून बसलेली, आणि पलीकडे नाना. महिनाभर. चिडलेले वाटायचे मला. चिडलेले नव्हते ते.

दुसऱ्या भागातल्या नोंदी वेगळ्या आहेत. तापमान आहेच, पण आता तळाचं मोजमाप जास्त. कुठे किती खोल, कुठे गाळ, गाळात काठी किती शिरते, कुठे कडा. पानशेत पुन्हा बांधलं, वरसगाव झालं, आणि तलावाचं वागणंच बदललं. आता खडकवासला म्हणजे जेमतेम दोन टीएमसीचं भांडं, आणि त्याच्या डोक्यावर पानशेतचे साडेदहा, वरसगावचे पावणेतेरा, टेमघरचे पावणेचार टीएमसी. उन्हाळ्यात पुण्याला पाणी लागलं की वरून सोडतात. म्हणून खडकवासल्याची पातळी काल एक, उद्या दुसरी. शिवाय वरच्या खोल धरणांतून खालच्या अंगानं सोडलेलं पाणी गार असतं, ते येऊन उबदार पाण्याच्या खाली सरपटत जातं. नानांनी एका मे महिन्यात, वरच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्याला एकदम गार लागल्याची नोंद केलीय. वर एकोणतीस, खाली चोवीस. ज्या गार पाण्याला ते १९५८ ते १९६१ शोधत होते ते त्यांना अखेर सापडलं, पण वीस वर्षं उशिरा, आणि दुसऱ्या धरणाचं. त्या नोंदीपुढे काहीही शेरा नाही.

शेवटची नोंद जानेवारी १९८४. एकवीस अंश, वर आणि खाली. वारा नाही.

तर भाच्यासाठी, आणि घरातल्या बाकी मुलांसाठी, थोडक्यात लिहिते. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, धरणात बुडून अमुक मुलांचा मृत्यू. आणि आपण म्हणतो, पोहता येत नसेल. काहींना येत नसतं हे खरं. पण 'ब' ला येत होतं. मे महिन्यात पाणी सगळ्यांत सुखाचं असतं आणि त्याच दिवसांत माणसं बुडतात, कारण उबदार पाणी माणसाला आत बोलावतं. पाणी उतरलेलं असतं, काठाला गाळ उघडा पडलेला असतो, त्यात पाय रुततो. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल कुठे पडेल ते सांगता येत नाही. गढूळ पाण्यात कोणी बुडताना दिसत नाही, आणि बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, गप्प जातो. पोहायला मनाई आहे असे बोर्ड तिथे उगाच लावलेले नाहीत. पोहायचं तर तलाव आहेत पुण्यात, जीवरक्षक असलेले. चल, मी येते बरोबर. गुडघे कुरकुरतात, पण वीस हात अजून मारता येतात.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. नानांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं आणि आता मी चारचौघांत लिहिलं, याचं काहींना वाईट वाटेल. बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला सांगायचं नसतं, तर त्यानं परत लिहून कशाला काढलं असतं?"

मला ते पटलं. वही माझ्याकडे आहे. ज्याला बघायची असेल त्यानं यावं, पण पानं फार नाजूक झालीत, हात कोरडे करून या.